द्राक्षबागेत धंदा शिकायचा असेल तर एप्रिलमध्ये जा

नाशिकची द्राक्षं बघायला लोक जानेवारी-फेब्रुवारीत जातात. हवा छान असते, घड लगडलेले असतात, गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वायनरीत बसून संध्याकाळ घालवता येते. फिरायला जायचं तर जरूर तेव्हाच जा. पण ज्यांचं स्वतःचं दुकान, एजन्सी, वर्कशॉप किंवा छोटा कारखाना आहे आणि द्राक्षाच्या धंद्यातून काही उचलायचं आहे, त्यांनी गर्दीचा मोसम सोडून बाकीच्या वेळा साधाव्यात. फेब्रुवारीत दिसतो तो निकाल. पेपर दहा महिने आधीच लिहून झालेला असतो.

एकरी खर्च लाखांत, पैसे हातात वर्षातून एकदा, आणि मधल्या काळात मोजके काही दिवस असे की त्या दिवशी झालेलं काम परत फिरवता येत नाही. इतकी उघडी मांडणी दुसऱ्या धंद्यात सहसा बघायला मिळत नाही. दुकानात हे दिवस रोजच्या गडबडीत लपून जातात, बागेत ते तारखेनिशी सांगता येतात. म्हणून दिंडोरी, निफाड, सटाणा, तासगाव, नारायणगाव, कुठेही गेलात तरी बागाईतदाराला भाव विचारू नका. "आज जे करताय त्यातलं नंतर काय बदलता येणार नाही?" असं विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

काडीच्या पोटात

युरोपात थंडीत वेल झोपते, वर्षाला एक छाटणी पुरते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक, अशी पद्धत बसली. माल निघाल्यावर बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतात आणि मग एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा ठेवून सगळ्या काड्या उतरवतात. बाग उघडीबोडकी दिसते, बघायला काहीच नसतं, आणि नेमकं तेव्हाच बघायला जायचं.

नवीन फुटी निघतात. जास्तीच्या फुटी काढून काड्यांची संख्या ठरवतात. फूट वाढली की सात पानांवर शेंडा मारतात, म्हणजे पुढे बगलफूट निघून सबकेन म्हणजे पोटकाडी तयार होते. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत एक निर्णय होतो: पुढच्या मोसमात इथून घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे घडाच्या जागी तणावा. बाहेरून डोळा तसाच दिसतो. डोळ्यावर ऊन पडलं, नत्र बेताचं मिळालं, पाणी मोजून दिलं तर घडाकडे कल जातो. युरिया जास्त झाला, पाणी सैल सुटलं, फुटींची गर्दी झाली किंवा जूनमध्ये ढगाळ हवा लांबली की वेल हिरवीगार दिसते आणि आत बाळ्या तयार होतात. हिरवीगार बाग बघून पाहुणा खूश होतो, जाणता माणूस चिंतेत पडतो.

ओळखायची एक साधी खूण आहे. मे अखेरीस भर दुपारी बागेत शिरा आणि जमिनीकडे बघा. मांडवाखाली उन्हाचे कवडसे पडलेले दिसले तर ठीक. गडद सावली असेल तर खालच्या डोळ्यांना ऊन मिळत नाही, आणि त्याची किंमत नोव्हेंबरमध्ये मोजावी लागणार.

आता या काळातली बागाईतदाराची स्थिती बघा. माल गेलाय, पैसे अर्धेमुर्धे आलेत किंवा यायचेत. विहिरी तळाला गेल्यात. लग्नसराई, मजूर गावी गेलेले. उत्पन्न नजरेच्या टप्प्यातही नाही. साहजिकच हात आखडतो: शेंडा मारायला चार दिवस उशीर, विरळणी "नंतर बघू", माती-देठ परीक्षण राहिलंच. ऑक्टोबरनंतर तोच माणूस फवारणीला हात सैल सोडतो, कारण तेव्हा घड डोळ्यांसमोर असतात. माझ्या मते या धंद्यातून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. खर्च आणि लक्ष नेहमी दिसणाऱ्या मालाकडे धावतं, आणि माल किती येणार हे ठरतं तेव्हा दिसायला काहीच नसतं. आपल्या धंद्यातला एप्रिल कुठला, हे शोधायचं असेल तर मागच्या वर्षीच्या हिशेबात बघा. ज्या महिन्यात विक्री सगळ्यात कमी होती, त्या महिन्यात काय काय पुढे ढकललं होतं याची यादी करा. नव्या माणसाचं प्रशिक्षण, मशीनची देखभाल, जुन्या गिऱ्हाइकांच्या भेटी, बहुतेक तिथेच सापडतं.

छाटण्याआधी तपासणी

ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक भागात काड्या तपासून घेतात. प्लॉटमधल्या काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथे एकेक डोळा ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते लिहून देतात. समजा सहाव्या-सातव्यावर जोमदार घड निघाला, तर ऑक्टोबरची छाटणी त्याच्या पुढे एक डोळा ठेवून घेतात. हे न बघता शेजाऱ्याने सात डोळ्यांवर घेतली म्हणून आपणही घेतली, तर दोन शक्यता. घड पुढच्या डोळ्यावर असेल तर तो कापून जमिनीवर पडला. मागच्या डोळ्यावर असेल तर पुढचे वांझ डोळे आधी फुटून जोर घेऊन जातात.

तपासणीचा खर्च एकराच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तरी ती फसते, आणि फसण्याचं कारण नेहमी एकच: नमुना. माणूस बागेत जातो आणि नकळत चांगल्या काड्या निवडतो, जाड, सरळ, बांधाकडच्या उन्हातल्या. अहवाल उत्तम येतो, बाग निम्मी फुटते. नमुना घेताना ओळी आधी ठरवायच्या, मधल्याही आणि कडेच्याही. जाड, मध्यम, बारीक अशा तिन्ही प्रकारच्या काड्या प्लॉटमध्ये जशा प्रमाणात आहेत तशाच घ्यायच्या. प्रत्येक प्रकारची पिशवी वेगळी आणि वर नाव. जो दुकानदार नवा माल आधी आपल्या चार खास गिऱ्हाइकांना दाखवून "लोकांना आवडला" म्हणतो, त्याने जाड काड्याच नेलेल्या असतात.

ऑक्टोबर छाटणीची तारीख हा दुसरा न फिरणारा निर्णय. लवकर छाटली तर फुलोऱ्यात परतीचा किंवा अवकाळी पाऊस सापडतो. डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, मणी गळतात. उशिरा छाटली तर माल सगळ्यांबरोबर मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो आणि भाव उतरलेला असतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा नेमक्या फुलोऱ्यातल्या बागांना मोठा फटका बसला. दहा-पंधरा दिवस पुढेमागे असलेल्या बागा त्यातल्या त्यात तरल्या. म्हणून चार एकरवाला शहाणा बागाईतदार चारही एकर एका दिवशी छाटत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकडे करतो. मजूर पुरतात, फवारणी एका पंपावर आटोपते, आणि कुठल्याही एका पावसात सगळी बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. सरासरी भाव थोडा कमी मिळतो हे कबूल. तो त्याने भरलेला विम्याचा हप्ता.

याच्या उलट टोक बघायचं असेल तर सटाण्याला जा. बागलाण-कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात छाटणी पावसाळ्यातच घेतात आणि द्राक्षं नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात आणतात, जेव्हा बाकी महाराष्ट्रात मणी हिरवे असतात. भाव चढा मिळतो. बदल्यात भर पावसात डाऊनीशी झुंज, आणि दर काही वर्षांनी तोडणीच्या तोंडावर पाऊस येऊन मण्यांना तडे. मोजक्या हंगामांत चांगली कमाई आणि एखाद्यात सगळं गेलं, असा तो हिशेब आहे. एकाच वर्षाचा भाव ऐकून निफाडच्या माणसाने सटाण्याचं वेळापत्रक उचलू नये. तिथले जाणते लोक चांगल्या वर्षाचे पैसे वेगळे काढून ठेवतात, म्हणून ते टिकतात.

छाटणीच्या दिवसांत बागेत गेलात तर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावताना दिसेल, सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हातमोजे आवश्यकच. आणि लावणाऱ्या माणसाने त्याआधी-नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, कारण हे रसायन शरीरात दारूचं पचन अडवतं आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो. गावात ठेकेदाराची टोळी असते, नियम माहीत असतो, पण संध्याकाळी कोण काय घेतं हे मालक बघत नाही. जोखमीचं काम ठेक्याने दिलं की जोखीमही ठेकेदाराकडे गेली, हा समज इथेही आहे आणि बांधकामावरही.

किती घड ठेवायचे

डिसेंबरमध्ये बागेतलं सर्वात अवघड काम चालतं, आलेला माल कमी करायचं. हिशेब सोपा आहे. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एका वेलीला 45 चौरस फूट जागा आणि एकरात 968 वेली. निर्यातीच्या मालासाठी साधारण दीड चौरस फुटाला एक घड धरतात, म्हणजे वेलीला 30. घड सरासरी 400 ग्रॅमचा भरला तर वेलीला 12 किलो, एकरी साडेअकरा टनांच्या आसपास. तूट, खराब माल वजा जाता दहा टन हाती येतात.

आता वेलीवर 50 घड निघालेत. वीस काढून टाकायचे. प्रत्येक घड म्हणजे बारा-पंधरा रुपये दिसतो आणि कात्री थांबते. "राहू दे, बघू" म्हणून 45 ठेवले की काय होतं? एका घडाला पोसायला पंधरा-सोळा चांगली पानं लागतात. पानं तेवढीच, खाणारे दीडपट. मण्याचा आकार 18 मिलिमीटरऐवजी 15 वर अडकतो, साखर 16-17 ब्रिक्सला पोचायला आठवडाभर जास्त लागतो, तोवर उन्हाने देठ सुकायला लागतो. टनेज वाढतं पण सगळा माल निर्यातीतून स्थानिक बाजारात घसरतो. वर वेल थकते आणि पुढच्या एप्रिलमध्ये फुटी बारीक निघतात. म्हणजे एका वर्षाचा लोभ दोन वर्षं नडतो.

घडातले मणीही विरळतात. शंभर ते सव्वाशे ठेवून बाकीचे कात्रीने काढतात. मण्यांत पाणी उतरल्यावर विरळणीचा उपयोग जवळपास संपतो. तोवर पोसलेलं पोसलेलं, आता काढलं तरी उरलेल्यांचा आकार फारसा वाढत नाही. वेळेचं हे गणित ऑर्डर घेणाऱ्यांना लागू आहे. नको असलेली कामं मोसमाच्या सुरुवातीला नाकारली तर बाकीच्यांना फायदा मिळतो. मधेच सोडली तर वेळही गेला आणि नावही.

थंडीच्या पहाटे निफाडला पारा चार-पाच अंशांवर गेला की बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू ठेवतात. रात्र आणि दुपार यातला फरक फार वाढला की थॉमसन जातीचे हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला पिंक बेरी म्हणतात. चव बिघडत नाही, पण पांढऱ्या द्राक्षाच्या बॉक्समध्ये गुलाबी मणी गिऱ्हाइकाला चालत नाही. म्हणून घडांना कागद लावतात. एकरी तीस हजारांच्या आसपास घड, प्रत्येकाला हाताने कागद. मजुरीचा आकडा स्वतः काढून बघा.

थंड करायचं काम कंटेनरचं नाही

फेब्रुवारीत गेलात तर बागेत कमी आणि पॅकहाऊसमध्ये जास्त वेळ घालवा. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे, पिंपळगाव बसवंत भागात लहान-मोठी पॅकहाऊसेस आहेत. द्राक्षाचा खरा प्रवास इथून सुरू होतो आणि तो बिघडतोही इथेच.

क्रम असा. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. घड देठाला धरून कापायचा, मण्यांना बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली की माल हाताळलेला दिसतो. क्रेटमध्ये एकच थर. क्रेट सावलीत, आणि दोन-चार तासांत पॅकहाऊसला. तिथे खराब मणी काढून पनेट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत किंवा पाऊचमध्ये भरतात, पेटीत प्लास्टिकचा लायनर, वर ग्रेप गार्ड म्हणजे सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद. मग प्रीकूलिंग: जोराची थंड हवा पेट्यांमधून ओढून सहा ते आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान शून्य ते दोन अंशांवर आणतात. पुढे शीतगृहात शून्याच्या आसपास, आर्द्रता 90 ते 95 टक्के. मग न्हावा शेवा.

चूक कुठे होते ते नीट बघण्यासारखं आहे. मजूर उशिरा आले, तोडणी अकरापर्यंत लांबली, मण्याचं तापमान तीस अंश. पॅकहाऊसला रांग आहे, प्रीकूलिंगची खोली आधीच्या मालाने भरलेली. सुपरवायझर सहा तासांऐवजी चारच तास देतो, मणी सात-आठ अंशांवर असताना पेट्या बाहेर काढतो आणि कंटेनर भरतो. त्याचं म्हणणं, "कंटेनर थंडच आहे की." पण रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर, माल थंड करायला बनवलेला नसतो. थंड माल थंड ठेवायला बनवलेला असतो. तेरा-चौदा टनांच्या गाभ्यातली उष्णता ओढून काढायची ताकद त्याच्या हवेत नसते. मग मधल्या पेट्या दिवसेंदिवस कोमट राहतात, लायनरच्या आत पाण्याचे थेंब धरतात. ग्रेप गार्ड ओलाव्यानेच गॅस सोडतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळा गॅस सुटून जातो. जास्त गॅसने देठाजवळ मणी पांढरे पडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा गॅस संपलेला असतो. राखाडी बुरशी धरते. रॉटरडॅमला पेटी उघडली की एकाच पनेटमध्ये पांढरे डाग आणि बुरशी दोन्ही. बागाईतदाराला वाटतं कागद खराब होता, निर्यातदाराला वाटतं जहाजात वीज गेली. चूक दोन तासांची होती आणि ती निघण्याआधीच झाली होती.

दुसरी चूक भरताना. कंटेनरच्या आत भिंतीवर लाल रेघ असते, त्याच्या वर पेट्या लावायच्या नाहीत. थंड हवा खालून, टी आकाराच्या पट्ट्यांमधून येते आणि वरून परत जाते. चार पेट्या जास्त बसतात म्हणून रेघ ओलांडली की परतीची वाट बंद आणि शेवटच्या रांगेचा माल गरम. त्या चार पेट्यांचं भाडं वाचलं, एवढंच.

सुएझमार्गे हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. ज्यांचं प्रीकूलिंग काटेकोर होतं त्यांचा माल तेही सोसू शकतो. ज्यांचं काम नेहमी "चालून जायचं", त्यांना कळतं की ते तीन आठवड्यांपुरतंच चालत होतं. सुटा दिवस हाताशी ठेवायचा तो यासाठी. कंटेनरमध्ये तापमानाची नोंद करणारा डेटा लॉगर ठेवतात, पण तो बहुतेक दाराजवळ लावलेला सापडतो, कारण तिथून काढायला सोपा. मधल्या रांगेत एक लावला तर खरी गोष्ट कळते. पैशाचा फरक नगण्य आहे, मोजायची इच्छा हवी.

यादीत नसलेलं रसायन

2010 साली भारतातून गेलेल्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, बागाईतदारांच्या भाषेत सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. वाढ रोखून डोळ्यात घड धरावा म्हणून ते बागांत सर्रास वापरलं जायचं. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती, आणि निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. माल तपासणीत पास होऊन गेला आणि तिकडे अडकला. निर्यातदार बुडाले, बागाईतदारांचे पैसे अडकले, वाद पुढे बरीच वर्षं चालला.

ही घटना धंदेवाल्यांनी लक्षात ठेवावी, कारण इथे लबाडी नव्हती. सगळ्यांनी आपल्याकडची यादी पाळली होती. पण माल विकत घेणाऱ्याच्या देशातली यादी वेगळी होती, आणि शेवटी तीच चालते. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था 2006 पासून आहे. पेटीवरच्या नोंदीवरून ती कुठल्या प्लॉटमधून आली ते शोधता येतं. माग काढायची सोय होती, पण माग काढून दोष कुणाचा ते कळतं, माल परत येत नाही. आता चांगले बागाईतदार फवारणीची वही दोन नावांनी लिहितात: औषधाचं दुकानातलं नाव आणि त्यातला घटक, दोन्ही. फवारणीची तारीख, प्रमाण, तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते, आणि बिल त्याच पानाला टाचलेलं. कुठल्या बागेत गेलात तर ही वही मागून बघा. जी वही एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसते, ती मार्चमध्ये लिहिलेली असते.

एकच गिऱ्हाईक असलेला माल

वाइनच्या बागा बघायला सुंदर, आणि धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात सावध करणाऱ्या. 2000 साली सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली वाइन आली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत नाशिक, सांगली, पुणे भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या. शेकडो शेतकऱ्यांनी काबर्ने, शिराज, शेनिन ब्लाँ लावली. करार होते, भाव ठरलेला होता, विरळणी-कागदाची कटकट नव्हती. मग 2008-09 ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांचा धंदा बसला आणि वाइन पडून राहिली.

इथे यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. वायनरीच्या टाक्या मोजक्या. जानेवारीत नवीन द्राक्षं यायच्या आत मागची वाइन बाटलीत जाऊन विकली गेली नाही, तर टाकी रिकामी नाही. टाकी रिकामी नाही तर द्राक्ष घेता येत नाही, करार असो की नसो. आणि वाइनचं द्राक्ष दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. मणी बारीक, आत बी, साल जाड. बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नाही. वेल लावताना माणूस पंधरा वर्षांचा निर्णय करतो, करार मात्र काही वर्षांचा असतो. अनेकांनी बागा उपटल्या.

तासगावचा बागाईतदार त्या मानाने मोकळा. त्याच्या थॉमसन किंवा सोनाकाला तीन वाटा आहेत: निर्यात, स्थानिक बाजार आणि बेदाणा. भाव पडला तर माल वेलीवर बावीस ब्रिक्सपर्यंत पिकू द्यायचा, लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचा, शेडमध्ये जाळीवर पंधरवडाभर वाळवायचा. चार किलोंचा एक किलो बेदाणा होतो, शीतगृहात ठेवून महिनोन् महिने थांबता येतं. मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसात बेदाणा काळवंडतो हा धोका आहेच. पण "आजच विकलं पाहिजे" ही सक्ती उरत नाही, आणि व्यापाऱ्याला ते माहीत असतं.

वायनऱ्यांपैकी ज्या टिकल्या त्यांतल्या अनेकांनी गिऱ्हाइकाला दारात आणलं. सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली. आज त्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. कारण नुसतं पर्यटन नाही. वाइन दुसऱ्या राज्यात विकायची तर प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळा वितरक. लहान वायनरीला हे चार-पाच राज्यांत परवडतच नाही. दारात विकलेल्या बाटलीवर मधलं कमिशन नाही, पैसे त्याच दिवशी. लहान उत्पादकाने आधी आपल्या दारातली विक्री पक्की करावी आणि मग नकाशा उघडावा, असं माझं मत.

शेवटची गाडी

नाशिकमध्ये बहुतेक माल शिवार सौद्याने जातो. व्यापारी बागेत येतो, ब्रिक्स बघतो, किलोचा भाव बोलतो, थोडी उचल देतो, आणि त्याचीच माणसं तोडून नेतात. बाकी पैसे आठ-पंधरा दिवसांनी. दर हंगामात एखादा व्यापारी पैसे बुडवून गायब होतो आणि गावोगावचे बागाईतदार पोलीस ठाण्यात बसतात.

हिशेब मांडून बघा. समजा एक जण रोख 30 रुपये देतो आणि दुसरा उधारीवर 32. दहा टनांना वीस हजार जास्त. पण तो बुडवून गेला तर तीन लाख वीस हजार गेले. म्हणजे असे सोळा सौदे केले आणि त्यांतला एक जरी बुडाला तरी जास्तीचे सगळे पैसे गेले आणि तुम्ही रोखीवाल्याच्या बरोबरीला आलात. सोळात एक हे प्रमाण अनोळखी माणसाच्या बाबतीत कुणाला फार वाटेल? तरी दोन रुपयांनी माणसं हलतात, कारण दोन रुपये आज ऐकू येतात.

बुडवणाऱ्याची रीतही ठरलेली. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे वेळेवर, कधी वेळेआधी. मग तोडणीचा वेग वाढतो, दिवसाला दोन-दोन गाड्या, "आता एकदमच हिशेब करू." म्हणून उधारीची मर्यादा गाड्यांत ठरवू नका, रुपयांत ठरवा, आणि तोडणी सुरू व्हायच्या आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही नसताना मुलगा किंवा भाऊ गाडी सोडणार नाही. व्यापाऱ्याचा बाजार समितीचा परवाना, आधारची प्रत आणि तो मुक्कामाला कुठे आहे ती जागा पहिल्या दिवशीच बघून घ्यायची. प्रत्येक गाडीला वजनाची पावती: तारीख, गाडीचा नंबर, क्रेटची संख्या, निव्वळ वजन, भाव, आणि घेणाऱ्याची सही. क्रेटचं वजन किती धरायचं, हे भाव बोलतानाच ठरवायचं, कारण क्रेटमागे अर्धा किलो जास्त कापला तर दहा टनांत बोललेल्या दोन रुपयांतला बराच भाग तिथेच निघून जातो. वजनकाटा शक्यतो गावातल्या दुसऱ्याचा. आणि ठरलेली मर्यादा गाठली की पाऊस येतोय असं सांगत असले तरी पुढची गाडी भरायची नाही. हे पहिल्या हंगामात फार जड जातं. दुसऱ्या हंगामापासून व्यापारीच आल्या आल्या विचारतो, तुमची मर्यादा किती.